शिंप्याच्या भिंतीवरचं बटण

कातारणीला वस्तू ठोकून पाहायची खोड होती. दार असो, टेबल असो, बाजारातलं कलिंगड असो, ती मधल्या बोटाचं पेर वाकवून दोनदा टकटक करायची, मान जराशी कलती करायची आणि निकाल देऊन टाकायची. "भरीव." नाहीतर "पोकळ." तिसरा निकाल तिच्याकडे नव्हताच. लग्नाचं बोलायला दोन्ही घरची माणसं बसली होती तेव्हाही तिने समोरच्या टेबलावर बोट वाजवलं होतं आणि सगळ्यांदेखत सांगून मोकळी झाली होती, "पोकळ आहे. वरून नुसती पट्टी चिकटवलीय." टेबल नवऱ्यामुलाच्या काकांनी नुकतंच हौसेने घेतलेलं. काकांचं तोंड एवढंसं झालं. नवरामुलगा मात्र तिच्याकडे बघतच राहिला. तो शिंपी होता, मोजूनमापून बोलणारा, आणि बोलण्याआधी दोनदा माप घेणारा. पुढे कधीतरी त्याने तिला विचारलं, "आणि मला ठोकून पाहिलं असतंस तर?" ती म्हणाली, "पाहिलं की. तुम्हाला कळलं नाही."

लग्नाला तिची अट एकच होती. वडिलांचं लेथ, लाकूड फिरवून कातायचं यंत्र, तिच्याबरोबर येणार. मुलीबरोबर काय काय येतं हे लोकांना माहीत असतं, पण ओतीव लोखंडाचं, चार माणसांनाही न उचलवणारं धूड येतं हे कुणी पाहिलं नव्हतं. तिचे वडील कातारी होते. पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, मुलांचे भोवरे, जे गोल असेल ते त्यांच्या हातून व्हायचं. दोघे मुलगे खुर्चीवरच्या नोकऱ्यांना लागले. मुलगी मात्र लहानपणापासून लेथपाशी रेंगाळायची, आणि बापाने ओळखलं, की जीव इथेच अडकलाय. त्यांनी तिला हात शिकवला आणि हाताबरोबर एक कायदाही. ज्याच्या हातात पटाशी, त्याच्याच हातात बटण. लेथ चालू करायचं तर कापणाऱ्याने आणि बंद करायचं तरी कापणाऱ्यानेच. दुसऱ्या कुणी मध्येच बंद केलं, तर लाकडाचा वेग कापणाऱ्याला न सांगता बदलतो, आणि हत्यार लाकडात घुसून हात मोडतो. हा कायदा ती नवऱ्याच्या घरी घेऊन आली. शिंप्याने त्या बटणाला कधी बोटही लावलं नाही. लेथवरची धूळ पुसायला गेला तरी बटणाभोवतीची तेवढी जागा सोडून पुसायचा.

घर रस्त्याला लागून, दोन खोल्या पुढे, दोन मागे. पुढच्या एका खोलीत त्याचं पायमशीन आणि दुसरीत तिचं लेथ. मध्ये विटांची एक भिंत. दोन्ही खोल्यांना लाकडी फळ्यांची जमीन होती आणि फळ्या भिंतीखालून सलग गेलेल्या. लेथ तेवढं हादरू नये म्हणून तिने त्याच्याखालच्या फळ्या काढून दगडी चौथरा बांधून घेतला होता. ती स्वतः उभी राहायची ती मात्र फळ्यांवर. दगडावर दिवसभर उभं राहिलं की टाचा दुखतात, असं तिचं म्हणणं.

तिला काम करताना त्याने पहिल्यांदा पाहिलं तो दिवस शिंपी कधी विसरला नाही. अक्रोडाचा एक ओबडधोबड ठोकळा तिने लेथच्या जबड्यात आवळला, फिरवला आणि लांब दांड्याची पटाशी कमरेशी टेकवून त्याला लावली. लाकडाच्या लांब लांब साली तिच्या खांद्यावरून मागे उडायला लागल्या. सुताराचं लाकूड स्थिर असतं आणि हत्यार फिरतं, इथे सगळं उलट. फिरताना त्या ठोकळ्याच्या कडा दिसतच नव्हत्या, नुसती एक करडी सावली दिसत होती, आणि त्या सावलीतून ती एक वाडगा बाहेर काढत होती. आतून कोरत कोरत तिने त्याची भिंत इतकी पातळ केली, की मागे दिवा धरल्यावर उजेड लाकडातून तांबूस होऊन आला. शिंप्याने आयुष्यभर मलमल हाताळली होती. लाकडाची मलमल होते हे त्याला ठाऊक नव्हतं. "कुठे थांबायचं ते कसं कळतं?" त्याने विचारलं. "म्हणजे, एक काप जास्त झाला तर भोकच पडेल ना?" ती म्हणाली, "ऐकायचं. भिंत जाड असली की आवाज खाली असतो, पातळ होत गेली की वर चढतो. आणि टिकटिक आली, तर लाकडात कुठेतरी चीर आहे. मग थांबायचं, नाहीतर ते तोंडावर येतं." त्याला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याला नुसतीच घरघर ऐकू आली होती. पण त्या दिवसापासून त्याला बायकोचा अभिमान वाटायला लागला, आणि थोडी भीतीही.

हळूहळू लोक त्याला 'कातारणीचा शिंपी' म्हणायला लागले. आधी आधी हे त्याला टोचायचं. मग सुईच्या टोचण्यासारखी त्याचीही सवय झाली. गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, "कातारणीचा शिंपी इथेच ना?" आणि तो गळ्यात टेप अडकवत म्हणायचा, "इथेच. कातारीण पलीकडच्या दारात. लाकडाची पँट हवी असेल तर तिकडे जा." अशी वर्षं गेली. मुलगी मोठी होऊन तिच्या घरी गेली. भिंतीच्या एका बाजूला घरघर, दुसऱ्या बाजूला खडखड. दोघांचं भांडण झालं की दोन्ही मशिनं जास्त जोरात चालायची, हे शेजाऱ्यांनाही पाठ होतं.

मग तिला खोकला लागला. आधी पहाटेचा, मग दिवसाचा, मग जिना चढल्यावर थांबून श्वास घ्यावा लागेल असा. ती म्हणायची, "हवा बदलतेय." हवा बदलून पुन्हा बदलली तरी खोकला तिथेच. शेवटी शिंप्याने तिला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिची छाती पाठीमागून बोटांनी ठोकून पाहिली. कातारीण मान कलती करून ऐकत होती. "काय निघालं?" तिने विचारलं. "भरीव की पोकळ?" डॉक्टरीणबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "लाकडाची बारीक धूळ आत बसलीय. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं मात्र राखता येईल. एक तर काम सोडा, नाहीतर धूळ नाकात जाणार नाही असं काहीतरी तोंडावर घाला. रुमाल चालणार नाही. रोज, प्रत्येक वेळी, शेवटचा पॉलिश पेपर फिरेपर्यंत."

घरी आल्यावर दारात चप्पल काढताना ती म्हणाली, "काम सोडलं तर मी सकाळी उठून करू काय?" तिच्याशिवाय ती पलीकडची खोली शिंप्याला डोळ्यांसमोर आणवेना.

तेव्हापासून तोंडावर काय घालायचं याची शोधाशोध सुरू झाली. बाजारात एक सेफ्टीवाला होता. हातमोजे, जाड बूट, डोक्यावरच्या टोप्या, जे जे माणसाला वाचवतं ते सगळं त्याच्या दुकानात टांगलेलं असायचं. माणूस बोलघेवडा, पण मनाने चांगला. त्याने आधी तिला साधा गॉगल आणि कागदी मास्क दिला. ती घरी आली, लेथ सुरू केलं आणि थोड्याच वेळात बाहेर आली. गॉगलवर इतकी वाफ धरली होती, की शिंप्याला तिचे डोळे दिसेनात. "अहो, मी कापतेय ते लाकूड आहे की बोट, हेच दिसत नाही," ती म्हणाली.

मग आला दोन्ही गालांवर डबे असलेला रबरी मास्क. धूळ त्यातून जाईना हे खरं, पण त्याच्यावर चष्मा बसेना, आणि चष्म्याशिवाय तिला धार दिसेना. शिवाय बोलता येत नव्हतं. ती लेथपाशी उभी राहून हातवारे करत काहीतरी सांगत होती आणि शिंपी दारातून म्हणत होता, "काय? पाणी? पक्कड? चहा?" तिने मास्क ओढून काढला. "नाकापेक्षा मोती जड," ती धापा टाकत म्हणाली. "मी सांगत होते, की तुम्ही माझ्या सालींवर उभे आहात."

तिसऱ्या खेपेला सेफ्टीवाल्याने कपाळावरून हनुवटीखालपर्यंत येणारी पारदर्शक ढाल दिली. दुकानात त्याने ती उलटी ठेवून तिच्यावर हातोडी मारून दाखवली. ढालीला काही झालं नाही, सेफ्टीवाल्याचा मात्र हात झिणझिणला. कातारणीला ती पसंत पडली. ढलप्या ढालीवर आपटून खाली पडायच्या, चष्मा आत आरामात बसायचा. पण बारीक भुकटी हनुवटीखालून आत शिरायचीच, आणि खोकला तसाच. त्यात तिने आणखी एक घोळ घातला. कातारी माणूस कामानंतर हातातलं प्रत्येक हत्यार थिनरच्या फडक्याने पुसतो, पॉलिशचा चिकटपणा निघावा म्हणून. तिच्या वडिलांनी पुसलं, तिने पुसलं. ढालही तिने तशीच पुसली, आणि पुसतच राहिली. थोड्याच दिवसांत ढाल दुधाळ झाली.

शिंपी ती घेऊन सेफ्टीवाल्याकडे गेला. त्याने ढाल उजेडात धरली, दोन बोटांत जराशी वाकवली, आणि ती पापडासारखी कडकन मोडली. "थिनर?" सेफ्टीवाल्याने हळूच विचारलं. शिंप्याने मान डोलावली. "याला फक्त साबण आणि पाणी. थिनरने प्लास्टिक आतून जाळीजाळी होतं. बाई रोज हे तोंडावर घालत होत्या?" बायकोने विश्वासाने तोंडावर घेतलेली वस्तू तिने स्वतःच, स्वच्छतेपोटी, काचेहून ठिसूळ करून ठेवली होती.

"आता मी सांगतो ते घ्या," सेफ्टीवाला म्हणाला, आणि आतल्या कपाटातून त्याने एक शिरस्त्राण काढलं. समोर जाड ढाल, खाली हनुवटीभोवती कापडाचा घेर, आणि मागच्या बाजूला एक छोटा पंखा. पंखा बाहेरची हवा ओढतो, गाळतो आणि कपाळावरून खाली तोंडावर सोडतो. वाफ नाही, धूळ नाही, चष्म्याला जागा. शिंप्याने आधी कापडाचा घेर पाहिला. इलॅस्टिक मोठ्या हनुवटीच्या पुरुषाच्या मापाचं होतं. ते त्याने घरी नेऊन बदललं, बायकोच्या जबड्याला टेप लावून, दोनदा माप घेऊन. लग्नाच्या वेळी तिचं पोलकं शिवताना घेतली होती तेवढीच काळजी त्याने आता घेतली. ती म्हणाली, "गुदगुल्या होतात." तो म्हणाला, "हलू नकोस, हवा निसटेल."

ते शिरस्त्राण घालून तिने पहिला संबंध दिवस काम केलं आणि संध्याकाळी खोकली नाही. पुढचे कितीतरी दिवस खोकली नाही. शिंप्याला हायसं वाटलं. पण तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. "पंखा कानाशी घूं घूं करतो," तिने एकदा जेवताना सांगितलं. "लाकूड ऐकू येत नाही. मी तिथे असते आणि नसतेही." शिंपी म्हणाला, "होईल सवय." जो स्वतः ते काम करत नाही त्याला सवयीचा सल्ला द्यायला काय जातं? उंटावरचा शहाणा.

एका दुपारी तिने मोठा अक्रोडाचा वाडगा लावला होता. एवढा मोठा तिने बऱ्याच वर्षांत घेतला नव्हता. शिंपी पलीकडे कोटाचं अस्तर जोडत होता. पाय खालीवर, कापड पुढे, मनात भलतेच विचार. आणि मध्येच त्याला वाटलं, की आपल्या मशिनीची सुई कुठेतरी लागतेय. टिक. टिक. टिक. त्याने पाय थांबवला. मशीन थांबलं. टिकटिक थांबली नाही.

तो उठला तो धावतच. दारात पोचला तेव्हा ती लेथपुढे वाकलेली होती. पटाशी तिने टेकूवरून जराशी उचलून धरली होती, काहीतरी आठवायचा प्रयत्न करावा तशी, आणि आता ती पुन्हा पुढे नेत होती. त्याने हाक मारली. पंख्याच्या आवाजात तिला ती ऐकू जाणं शक्यच नव्हतं. कापणाऱ्या माणसाला मागून हात लावायचा नसतो, एवढं त्याला ठाऊक होतं. आणि बटणाला हात लावायचा नसतो, हे तर लग्नापासून ठाऊक होतं. पण पटाशी अजून हवेत होती. त्याने बटण दाबलं.

लेथ मंदावत गेलं. ती मागे वळली, शिरस्त्राण वर सारलं, आणि तिचा चेहरा लाल झाला होता. "बटणाला हात कुणी लावला?"

"मी."

"का?"

"ते टिकटिक करत होतं." सांगताना त्याचं त्यालाच ते पोरकट वाटलं. शिंप्याने कातारणीला लाकडाचं सांगावं? पण तिने पुढे काही विचारलं नाही. तिने वाडगा हाताने सावकाश फिरवला. मग बोटाचं पेर वाकवून एका जागी ठोकलं, दुसऱ्या जागी ठोकलं. दुसऱ्या जागचा आवाज बसका होता. तिने अंगठ्याने तिथे हलकेच दाबलं आणि वाडग्याचा पाव भाग तिच्या हातात सुटून आला. आत बारीक, काळसर चीर होती. झाड उभं असतानाच पडलेली, बाहेरून न दिसणारी. तिने त्या चिरेवरून बोट फिरवलं.

"मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने लेथवर जुनी चादर टाकली. "डोक्यावर ते घातलं तर लाकूड ऐकू येत नाही, आणि नाही घातलं तर श्वास येत नाही," ती म्हणाली. "इकडे आड तिकडे विहीर. संपलं आता." तिने ते रडत सांगितलं नाही, भांडी आवरताना सांगितलं. तेच शिंप्याला जास्त लागलं. पुढचे दिवस घर इतकं शांत झालं, की त्याला शिवता येईना. त्याचे टाके वाकडे जायला लागले. आपण आयुष्यभर तिच्या आवाजावर टेकून शिवत होतो, हे त्याला आता कळलं, आणि ते कळून तो घाबरला. एका माणसाचा आवाज इतका आत जाऊन बसावा, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसावा?

शेवटी एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "मी ऐकेन."

"काय?"

"लाकूड. मी पलीकडे असतोच. मी ऐकेन."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "तुम्ही? तुम्हाला तीन हाका मारल्याशिवाय जेवायला बसायचं ऐकू येत नाही."

"ते मी मुद्दाम ऐकत नाही," शिंपी म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग उठली, लेथवरची चादर काढली, आणि त्याला त्याच्या खोलीत पाठवून दार लावून घ्यायला सांगितलं. ओलं लाकूड भुकटी उडवत नाही, म्हणून तिने ओल्या लाकडाचे तुकडे काढले आणि एकेक लावायला सुरुवात केली. लेथ सुरू झालं, बंद झालं. भिंतीपलीकडून तिने ओरडून विचारलं, "हे?"

"पटाशीची धार गेलीय," तो ओरडला.

मग पुन्हा घरघर. "हे?"

"लाकूड नीट आवळलेलं नाही. डुगडुगतंय."

"हे?"

"टिकटिक. बंद कर."

लेथ लगेच बंद झालं. मग पुन्हा सुरू झालं आणि बराच वेळ चाललं. तिने काही विचारलं नाही. शिंपी मशिनीवर हात ठेवून ऐकत बसला होता. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. अस्तरं जोडता जोडता, काजं करता करता, भिंतीतून झिरपत झिरपत ते त्याच्यात साठत गेलं होतं. त्याला पटाशीची नावं सांगता आली नसती. पण तिचा हात कधी दमलाय, कधी चिडलाय, कधी लाकूड तिच्या मनासारखं निघतंय, हे त्याला भिंतीआडून दिसत होतं.

"तू कापत नाहीयेस," तो शेवटी म्हणाला, मोठ्याने नाही. "नुसती उभी आहेस."

लेथ बंद झालं. दार उघडलं. ती दारात उभी होती, हातात पटाशी नव्हती. "मी भिंतीला कान लावून उभी होते," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तिने ते लपवले नाहीत.

त्यानंतर दोन दिवसांनी तिने वायरमनला बोलावलं. वायरमन ओळखीचा, तिचे कायदे जाणणारा. तिने भिंतीकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, "याच्या पलीकडे, यांच्या मशिनीच्या उजव्या हाताला, लेथचं दुसरं बटण बसवा." वायरमन स्क्रूड्रायव्हर हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. "तुमच्या लेथचं? साहेबांच्या हाताशी?" "हो," ती म्हणाली. "लाल रंगाचं बसवा. यांना रंग पटकन दिसतो." शिंपी खाली मान घालून धागा ओवत होता. सुईचं भोक त्याला काही केल्या सापडेना. सबंध संसारात तिने त्याला घरपण दिलं होतं, लेक दिली होती, पण हे दिलं नव्हतं. हे तिने तिच्या बापालाही दिलं नसतं.

"पण तुझ्या वडिलांचा कायदा?" वायरमन गेल्यावर त्याने विचारलं. "मी मध्येच बंद केलं आणि पटाशी लाकडात घुसली तर?"

"नाही घुसणार," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही दारात आलात तेव्हा माझी पटाशी कुठे होती?"

त्याने आठवलं. "वर उचललेली होती. मला तेव्हा नवल वाटलं होतं."

"मलाही. मला टिकटिक ऐकू आली नव्हती, तुमची हाक आली नव्हती, मग मी हात वर का घेतला? चादर घातलेल्या लेथकडे बघत मी रोज तोच विचार करत होते." तिने पायाने जमिनीच्या फळीवर दोनदा थोपटलं. "तुमचं मशीन थांबलं होतं. तुम्ही शिवत असलात की या फळ्या बारीक थरथरतात. माझ्या तळपायाला ते लग्नापासून माहीत आहे, मला माहीत नव्हतं. ते थांबलं म्हणून हात आपोआप वर आला. तुमचा पाय थांबला की माझी पटाशी उचलली जाते, मग तुम्ही खुशाल बटण दाबा."

आपल्याला एवढं ऐकू येतं याचंच शिंप्याला किती आश्चर्य वाटलं होतं, आणि ही बाई त्याचं शिवणं तळपायांनी ऐकत आली होती. दोन माणसं एका भिंतीच्या दोन बाजूंना पाठ करून आयुष्यभर आपापलं काम करत राहतात, आणि तरीही असं होतं. त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. साधे पाय, टाचांना भेगा पडलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवा ठोकळा घेतला. शिरस्त्राण हातात घेण्याआधी तो सगळीकडून ठोकून पाहिला, आता ते रोजचंच होणार होतं. ढाल साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपली. मग ती भिंतीपाशी गेली आणि बोटाचं पेर वाकवून भिंतीवर दोनदा टकटक केलं.

पलीकडून दोनदा टकटक आली.

"भरीव," ती स्वतःशीच म्हणाली, ढाल खाली ओढली आणि पंखा सुरू केला. मग लेथ.

पलीकडे शिंप्याची पंचाईत झाली होती. कोट आदल्या दिवशीच पुरा झाला होता आणि शिवायला काहीही उरलं नव्हतं. पण मशीन थांबून चालणार नव्हतं. त्याने टोपलीतून एक चिंधी काढली, सुईतला धागा काढून टाकला आणि मशिनीला पाय लावला. उजवीकडे लाल बटण, कानात लाकूड. दुपारी ती जेवायला हाक मारेपर्यंत तो त्या चिंधीवर बिनधाग्याच्या सरळ रेघा मारत राहिला, आणि त्या दिवशी तो पहिल्याच हाकेला उठला.